मुकं दुखणं मोजायचं कसं?

आयसीयूतल्या माणसाला सगळ्यांत जास्त कशाने दुखत असेल? मानेतल्या शिरेत नळी घालताना? जखमेचं ड्रेसिंग बदलताना? अमेरिकेत 2001 साली प्रसिद्ध झालेल्या ‘थंडर प्रोजेक्ट टू’ या अभ्यासात सहा हजारांहून अधिक रुग्णांना हेच विचारलं होतं. त्यांना सोसाव्या लागणाऱ्या सहा गोष्टींपैकी मोठ्या माणसांनी सर्वांत वेदनादायक ठरवली ती अगदी साधी गोष्ट: कूस बदलणं. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून सिस्टर दर दोनेक तासांनी रुग्णाला कुशीवर वळवतात, ते. बहुतेकांना त्याआधी वेदनाशामक मिळालंही नव्हतं.

हे रुग्ण निदान सांगू शकत होते. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाचं तसं नाही: नळी स्वरयंत्रातून खाली जाते, त्यामुळे आवाज फुटत नाही. तरीही जो शुद्धीवर आहे त्याच्यापुढे शून्य ते दहा आकड्यांचा कागद धरला, तर तो बोट ठेवू शकतो. हीच सर्वांत भरवशाची मोजणी. पण कामाच्या धबडग्यात नेमकं तेच राहून जातं.

ज्याला बोटही ठेवता येत नाही, त्याचं काय? कॅनडातल्या परिचर्या-संशोधक सेलीन जेलिना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006 मध्ये हृदयशस्त्रक्रिया झालेल्या 105 रुग्णांवर पारखलेली ‘सीपॉट’ ही मोजपट्टी अशांसाठीच आहे. रुग्णाला कुशीवर वळवताना सिस्टर त्याच्या चेहऱ्याकडे पाहते. कपाळाला आठ्या पडल्या तर एक गुण. डोळे गच्च मिटून चेहरा पार वेडावाकडा झाला तर दोन. हात हळूच जखमेकडे गेला तर एक. तो नळी ओढू लागला, उठून बसायला धडपडला तर दोन. मग ती त्याचा हात कोपरातून वाकवून बघते, स्नायू किती ताठरलेत ते. शेवटी व्हेंटिलेटर: रुग्ण त्याच्याशी जुळवून घेतोय, मधूनच खोकतोय, की यंत्राशी झगडतोय? एकूण गुण आठ. दोन-तीनच्या पुढे गेले की दुखतंय असं धरायचं.

मॉनिटरवरची नाडी आणि रक्तदाब पुरेसे नाहीत का? नाहीत. ताप, रक्तस्राव, रक्तदाब वाढवणारी औषधं, कशानेही ते आकडे हलतात. ते फार तर इशारा देतात.

खरी गफलत होते ती ‘पेशंट शांत झोपलाय’ या वाक्यापाशी. प्रोपोफॉल किंवा मिडाझोलामने गुंगी येते, दुखणं थांबत नाही. म्हणूनच 2018 ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की गुंगीच्या औषधाआधी वेदनेचा बंदोबस्त करा. स्नायू लुळे पाडणारं औषध दिलेल्या रुग्णाची गोष्ट आणखी अवघड. तिथे आठीही पडत नाही, सीपॉटचा उपयोग शून्य. अशा वेळी दुखत असणारच असं गृहीत धरूनच औषध चालू ठेवावं लागतं.

वेदनेवरची मुख्य औषधं फेंटानिल आणि मॉर्फिन. आपल्याकडे 1985 च्या अमली पदार्थ कायद्यामुळे मॉर्फिन बाळगणं म्हणजे परवान्यांचं जंजाळ होतं. 2014 च्या दुरुस्तीने ते पुष्कळ सुटसुटीत केलं. मात्र या औषधांनी श्वास मंदावतो, बद्धकोष्ठता होते. डोस आटोक्यात ठेवायला जोडीला पॅरासिटामॉल किंवा थोडं केटामिन देतात. वेळही साधावी लागते: शिरेतून दिलेलं फेंटानिल काही मिनिटांत लागू पडतं, मॉर्फिनला पूर्ण असर दाखवायला जास्त वेळ लागतो. म्हणून कूस बदलायची असेल तर औषध आधी, गुण पुन्हा नंतर.