डोंगरातील लोह, ताटातील पोषण आणि स्वमग्न बालक

गडचिरोली जिल्ह्याच्या एटापल्ली तालुक्यातील सूरजागडचा डोंगर लोहखनिजासाठी सर्वत्र परिचित आहे. माडिया गोंड समाजाच्या ठाकूरदेवाचे हे श्रद्धास्थान. आज तेथून खनिजाने भरलेले ट्रक खाली उतरतात. मात्र ज्या महाराष्ट्राच्या भूमीत एवढे लोह आहे, त्याच महाराष्ट्रात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या सुमारे ६९ टक्के बालकांना आणि १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांना रक्ताल्पता असल्याचे आढळले. डोंगरातील लोह आपोआप रक्तात उतरत नाही. त्याचा मार्ग ताटातून जातो.

ही उणीव केवळ आदिवासी पाड्यांपुरती मर्यादित नाही. सुखवस्तू शाकाहारी घरांतही लोह, ब-१२ आणि ड जीवनसत्त्व यांची कमतरता वारंवार दिसते. घरात स्वमग्न, म्हणजेच ऑटिझम असलेले मूल असेल, तर हा विषय अधिक नाजूक होतो.

स्वमग्नता म्हणजे काय?

ही मेंदूच्या जडणघडणीतील जन्मजात भिन्नता आहे. १९४३ साली डॉ. लिओ कॅनर यांनी तिचे सविस्तर वर्णन केले. मूल वर्षाचे झाल्यावरही नावाने हाक मारली असता पाहत नाही, दीड वर्षाचे झाले तरी बोट दाखवून वस्तू मागत नाही, बोलणे लांबते, त्याच त्या हालचाली करीत राहते, अशी तिची काही लक्षणे होत. आईच्या संगोपनात उणीव राहिली म्हणून स्वमग्नता येते, हा समज पूर्णतः चुकीचा आहे. लसीमुळे ती येते हा समजही तसाच. तो पसरविणारा १९९८ चा शोधनिबंध ‘लॅन्सेट’ या नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला.

आहाराचा संबंध कोठे येतो?

अनेक स्वमग्न मुलांना अन्नाचा वास, रंग वा स्पर्श सहन होत नाही. कोणी फक्त पांढरा भात खाते, कोणी केवळ बिस्किटे. वर्षानुवर्षे असेच चालले, तर क जीवनसत्त्वाअभावी स्कर्व्ही किंवा अ जीवनसत्त्वाअभावी दृष्टिदोष झाल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात नोंदली गेली आहेत. लोह कमी असेल तर झोप अस्वस्थ होते. काही मुले माती, खडू खाऊ लागतात. चिडचिड वाढली की घरचे ती स्वमग्नतेच्या खात्यात जमा करतात. प्रत्यक्षात मूळ रक्ताल्पतेत असू शकते आणि ती भरून काढता येते.

येथे एक भेद पक्का लक्षात ठेवावा. कमतरता भरून काढणे हा उपचार आहे. परंतु जीवनसत्त्वांनी स्वमग्नता बरी होत नाही. ब-६ आणि मॅग्नेशियमच्या मोठ्या मात्रांचा पूर्वी बराच गाजावाजा झाला. अभ्यासांतून ठोस लाभ सिद्ध झाला नाही. उलट ब-६ दीर्घकाळ अतिप्रमाणात घेतल्यास मज्जातंतूंना इजा होते. अ आणि ड जीवनसत्त्वे शरीरात साचतात. लोहाचेही तसेच. गडचिरोलीच्या आदिवासी भागात आढळणाऱ्या सिकलसेल आजारात रक्त कमी असते, तरी तपासणीवाचून लोहाच्या गोळ्या देत नाहीत. म्हणून हिमोग्लोबिन, फेरिटिन, ब-१२ व ड यांची तपासणी आधी, गोळी नंतर.

जैन घरांसाठी विशेष सावधगिरी

गहू आणि दूध बंद केल्यास मूल सुधारेल, असा सल्ला अनेक पालकांना मिळतो. त्यामागे पुरेसा पुरावा नाही. सिलिअ‍ॅक आजार किंवा दुधाची अ‍ॅलर्जी असल्यास गोष्ट वेगळी. आपल्या घरात अंडी-मांस नाही, कंदमूळ नाही, तिथीला हिरवी भाजी नाही. त्यात दूध, दही, पनीरही गेले, तर ब-१२ चा नैसर्गिक आधारच उरत नाही, कॅल्शियम आणि प्रथिनेही घटतात. डॉक्टर व आहारतज्ज्ञ यांच्याशी बोलल्याशिवाय असा प्रयोग करू नये.

ताटातच पुष्कळ करता येते. नाचणीच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ३४० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. मूग, मटकी, हरभरा, अळीव, तीळ यांतून लोह मिळते. सोबत लिंबू वा आवळा असला की ते अधिक शोषले जाते. जेवणासोबतचा चहा ते अडवितो. तिथीला हिरवी भाजी वर्ज्य असल्यास कडधान्यांचा वाटा वाढवावा. नवा पदार्थ मुलावर लादू नये. आवडत्या पदार्थाशेजारी चिमूटभर ठेवावा आणि पुनःपुन्हा ठेवावा. दहाव्या वेळीही नाकारला, तरी रागावू नये.

औषध घेताना घटक विचारावेत. बहुतेक मऊ कॅप्सूलांचे आवरण प्राणिज जिलेटिनचे असते, ड-३ बहुधा मेंढीच्या लोकरीतील स्निग्धांशापासून बनते आणि ओमेगा-३ पुष्कळदा माशांच्या तेलातून येते. वनस्पतिज आवरण, दगडफुलासारख्या शैवाकापासूनचे ड-३ आणि शैवालापासूनचे ओमेगा-३ असे पर्याय आहेत. व्रतास बाधा येईल या भीतीने औषध टाळण्याची गरज नाही.

गर्भधारणेपूर्वी व पहिल्या तीन महिन्यांत रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड घेतल्यास बाळाच्या मज्जारज्जूचे गंभीर दोष टळतात, हे सिद्ध आहे. नॉर्वेतील ८५,१७६ बालकांच्या २०१३ च्या अभ्यासात फॉलिक अ‍ॅसिड घेणाऱ्या मातांच्या मुलांत ऑटिस्टिक विकाराचे प्रमाण कमी दिसले. हा केवळ संबंध आहे, हमी नव्हे. तरीही विवाहित कन्या-सुनांना ही माहिती वेळेवर असावी.

खर्च कोठे करावा?

व्यापारी घराला गुंतवणुकीचा अर्थ सांगावा लागत नाही. परदेशी डब्यांवर दरमहा हजारो रुपये घालविण्यापेक्षा तोच पैसा वाचोपचार, व्यवसायोपचार आणि पालक-प्रशिक्षणावर लावावा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून जन्मापासून १८ वर्षांपर्यंत कमतरता आणि विकासातील विलंब यांची तपासणी मोफत होते. जिल्हा पातळीवर त्यासाठी शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची योजना आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे, आणि राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत एक लाख रुपयांपर्यंत आरोग्य संरक्षण मिळते.

लोकलज्जेपायी निदान लांबविणे हा सर्वांत मोठा तोटा होय. शंका आली की त्याच महिन्यात बालरोगतज्ज्ञांकडे जावे. मूल बदलून देणारी गोळी नाही. पण पोट भरलेले, रक्त पुरेसे असलेले, शांत झोपलेले मूल अधिक शिकते.