सूक्ष्म आणि शून्य

जयपूर नगरात वैद्यकाच्या तीन परंपरा शेजारी शेजारी नांदत आहेत. १९४७ साली स्थापन झालेले सवाई मानसिंह वैद्यकीय महाविद्यालय तेथे आहे. १९७६ साली स्थापन झालेले राष्ट्रीय आयुर्वेद संस्थान आहे. आणि केवळ होमिओपॅथीला वाहिलेले एक विद्यापीठही आहे. पाळीच्या किंवा ऋतुनिवृत्तीच्या तक्रारी घेऊन निघालेल्या स्त्रीला यांपैकी गोड गोळ्यांची वाट पुष्कळदा सर्वांत निर्धोक वाटते. ‘शरीरातील संप्रेरके अत्यल्प मात्रेत एवढे कार्य करतात, मग अत्यल्प मात्रेचे औषध का करणार नाही?’ असा युक्तिवादही केला जातो. तो तपासून पाहण्याजोगा आहे.

संप्रेरके म्हणजे अंतःस्रावी ग्रंथींनी रक्तातून धाडलेले रासायनिक निरोप होत. त्यांना ‘हार्मोन’ हे नाव इंग्रज शास्त्रज्ञ अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी १९०५ साली दिले. मेंदूच्या तळाशी असलेल्या पोष ग्रंथीचा निरोप मिळताच अंडाशय इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरके निर्माण करतो. वयाच्या साधारणतः १० ते १५ वर्षांच्या दरम्यान मुलीस ऋतुप्राप्ती होते. आरंभीची एकदोन वर्षे पाळी अनियमित असणे स्वाभाविक आहे. गर्भारपणात प्रोजेस्टेरॉन निर्मितीचे काम पुढे वार आपल्याकडे घेते. ४५ ते ५५ या वयात बहुधा ऋतुनिवृत्ती होते. इस्ट्रोजेन घटल्यामुळे अंगातून गरम वाफा निघाल्यासारखे वाटते, झोप मोडते आणि हाडे विरळ होऊ लागतात.

आता मात्रेचा विचार करू. तरुण स्त्रीच्या एक मिलिलिटर रक्तात एखाद्या दिवशी १०० पिकोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचा एक हजार कोटीवा भाग, एवढे इस्ट्राडायोल असते. ही मात्रा नगण्य भासेल; परंतु तिच्यात त्या द्रव्याचे २० हजार कोटींहून अधिक रेणू असतात. ते पेशींतील ग्राहकांना चिकटतात, आणि प्रयोगशाळेत मोजता येतात.

होमिओपॅथीचे प्रवर्तक जर्मन वैद्य सॅम्युएल हानेमान यांनी १७९६ साली आपला सिद्धांत मांडला. या पद्धतीत स्त्रियांच्या तक्रारींवर पुष्कळदा दिले जाणारे ‘सेपिया’ हे औषध माकूळ वर्गातील प्राण्याच्या शाईपासून करतात. मूळ द्रव्याचा एक भाग ९९ भाग द्रवात मिसळावयाचा, त्यातील एक भाग पुन्हा ९९ भागांत, असे तीस वेळा केले की ‘तीस शक्ती’चे औषध सिद्ध होते. परंतु रेणूंची संख्या अमर्याद नसते. बारा वेळा विरल केल्यावरच मूळ द्रव्याचा एखादा रेणू उरण्याची शक्यता मावळू लागते. तिसाव्या वेळी ती व्यवहारतः शून्य होते. अल्प शक्तीच्या औषधांत द्रव्य असू शकते, हे खरे. परंतु उच्च शक्तीचे औषध सूक्ष्म नसते, ते रिकामे असते.

मग काही स्त्रियांना बरे का वाटते? गरम वाफांचा त्रास आपोआप कमीजास्त होतो. शिवाय निष्क्रिय गोळी दिलेल्या स्त्रियांतही तो बराच घटल्याचे तुलनात्मक चाचण्यांत आढळते. वैद्याने आस्थेने तासभर ऐकून घेतले, यानेही मन हलके होते. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने उपलब्ध संशोधन तपासून २०१५ साली असा निर्वाळा दिला की, होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा विश्वसनीय पुरावा कोणत्याही व्याधीच्या बाबतीत नाही.

याउलट, अवटू ग्रंथी मंदावली असता थायरॉक्सिनची मात्रा ग्रॅमच्या लाखाव्या हिश्शांतच मोजतात. तरी तिचा परिणाम काही आठवड्यांत रक्ततपासणीत दिसतो. अल्प मात्रेचे औषध खरोखर कार्य करते तेव्हा ते असे पारखता येते.

गोळी गोड असली तरी तिच्यापायी गेलेला काळ परत येत नाही. पंधरा वर्षे पूर्ण होऊनही पाळी न येणे, अतिस्राव होऊन रक्तक्षय होणे, पाळी महिनोन्‌महिने चुकणे, या तक्रारींची तपासणी लांबणीवर टाकू नये. ऋतुनिवृत्तीनंतर वर्षाने पुन्हा रक्त दिसले, मग ते थेंबभर का असेना, तर तत्काळ डॉक्टरांकडे जावे. त्यामागे क्वचित गर्भाशयाचा कर्करोग असतो, आणि तो वेळीच उमगल्यास बहुधा बरा होतो.