माणशी ८० चौरस मीटर

कोल्हापूरकराला फुटबॉल शिकवायला जाऊ नये. पाटाकडील आणि दिलबहार समोरासमोर आले की त्या संध्याकाळी शाहू स्टेडियमवर जागा मिळत नाही, आणि मिळालीच तर आपण कुठल्या पेठेच्या लोकांत बसलोय याचं भान ठेवावं लागतं. खंडोबा, बालगोपाल, दिलबहार, पाटाकडील ही सगळी तालीम मंडळं. ज्या गावानं १९१२ साली खासबागेसारखं कुस्तीचं मैदान बांधलं, त्याच गावातल्या तालमींनी पुढं फुटबॉलचे संघ उभे केले. १९४० पासून कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन (केएसए) आहे, आणि २०१७ मध्ये भारतात सतरा वर्षांखालच्या मुलांचा विश्वचषक झाला तेव्हा यजमान संघात इथलाच अनिकेत जाधव होता. तेव्हा ऑफसाइड म्हणजे काय वगैरे सांगून मी माझं हसं करून घेणार नाही.

पण या जाणत्या गावाला एक कोडं मात्र घालता येईल. थायलंडचा पुरुषांचा फुटबॉल संघ विश्वचषकाच्या मुख्य स्पर्धेत आजवर एकदाही पोचलेला नाही. त्याच देशाचा फुटसालचा, म्हणजे पाच-पाच जणांच्या फुटबॉलचा, पुरुष संघ मात्र २००० पासून २०२४ पर्यंत एकही विश्वचषक न चुकवता सलग सात वेळा खेळला. देश तोच, पोरं त्याच गल्ल्यांतली. मग बदललं काय?

बदललं मैदान. मोठा फुटबॉल १०५ बाय ६८ मीटरवर बावीस जण खेळतात, म्हणजे माणशी सव्वातीनशे चौरस मीटर. फुटसालचं मैदान ४० बाय २० मीटरचं, आत दहा जण. माणशी ८०! चौथा हिस्सासुद्धा नाही. चेंडू पायाशी आला की मान वर करून विचार करायला सवड नाही, कारण समोरचा तोवर अंगावर आलेला असतो. कुस्तीत पकड बसल्यावर डाव आठवत बसलं तर पाठ लागते, तसंच हे. डाव चेंडू येण्याआधीच डोक्यात तयार हवा.

चेंडूही वेगळा. आकारानं लहान, वजनाला मात्र जवळजवळ तेवढाच, आणि मुद्दाम मंद केलेला. दोन मीटरवरून सोडला तर तो ५० ते ६५ सेंटिमीटरच उसळायला हवा, असा नियमच आहे. नेहमीचा फुटबॉल याच्या दुप्पट तरी उसळी घेतो. त्यामुळं इथं चेंडू बहुतेक वेळ जमिनीलगत राहतो आणि तळपायाला काम लागतं. चांगला खेळाडू बूट चेंडूवर टेकवतो, किंचित मागं ओढतो, आणि समोरच्याचा तोल पुढं गेला की त्याच तळव्यानं चेंडू आडवा सरकवून निघून जातो. उंची आणि धिप्पाडपणा यांची किंमत इथं बरीच उतरते. थायलंडच्या कोड्याचं अर्धं उत्तर मला तरी इथंच दिसतं.

हा खेळ निघाला १९३० साली मॉन्टेव्हिडिओत, उरुग्वेच्या राजधानीत. त्याच वर्षी त्याच शहरात उरुग्वेनं फुटबॉलचा पहिला विश्वचषक जिंकला होता आणि पोरांना फुटबॉलचं वेड लागलं होतं. हुआन कार्लोस सेरियानी नावाच्या शिक्षकानं वायएमसीएच्या बंद सभागृहात खेळता येईल असे नियम बसवले. त्यातले बरेचसे त्यानं इतर खेळांकडून बिनदिक्कत उचलले.

सध्याच्या नियमांत माझा सगळ्यात लाडका प्रकार शेवटच्या मिनिटांतला. पिछाडीवरचा संघ चक्क गोलरक्षकाला बाहेर बोलावतो आणि त्याच्या जागी वेगळ्या रंगाची जर्सी घातलेला पाचवा चढाईवीर उतरवतो. समोर चारच बचावपटू, म्हणून चेंडू फिरवत फट शोधायची. मागं गोल मात्र उघडा. चेंडू एकदा हातचा गेला की प्रतिस्पर्धी स्वतःच्या अर्ध्यातून फटका मारूनही गोल करू शकतो. फाउलचीही अशीच धास्ती. सामन्याच्या एका सत्रात संघाचे पाच फाउल भरले की सहाव्यापासून भिंत उभी करायची मुभा नाही, दहा मीटरवरून थेट फटका.

आता पुन्हा थायलंडकडे. आग्नेय आशियाच्या फुटसाल स्पर्धेत वर्षानुवर्षं थायलंडच जिंकत आलं. मोडता घातला तो इंडोनेशियानं, २०१० मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये. व्हिएतनामनंही २०१६ आणि २०२१ अशा दोन्ही विश्वचषकांत बाद फेरी गाठली. पण आशिया खंडाचं अजिंक्यपद थायलंडला अजून हुलकावणी देतंय. २००८, २०१२ आणि २०२४ अशा तीन अंतिम लढती ते हरले. शेवटची तर बँकॉकमध्ये, घरच्या प्रेक्षकांपुढं, इराणकडून. आपल्या देशानं या खेळात राष्ट्रीय संघ उतरवला तोच मुळी २०२३ मध्ये, हे जाता जाता सांगितलं म्हणजे आपण किती उशिरा आलोय ते कळेल.

विश्वचषकातही थायलंडची गाडी शेवटच्या सोळांतच अडते. २०१६ साली कोलंबियात ते अझरबैजानविरुद्ध बाद फेरीत खेळले. सामना अतिरिक्त वेळेत गेला आणि थायलंड ८-१३ असं हरलं. एका सामन्यात एकवीस गोल! शाहू स्टेडियमवर दोन पेठांत असा सामना झाला, तर बंदोबस्ताला किती पोलिस लागतील याचा अंदाज ज्यानं त्यानं करावा.