विवाहाची शपथ

लग्न म्हटलें म्हणजे वाजंत्री, नवीं वस्त्रें व मेजवानी हीं डोळ्यांपुढें उभीं राहतात. परंतु ख्रिस्ती विवाहाचें मर्म यांत नसून वधूवरांनीं घेतलेल्या शपथेंत आहे. दिवस बरे येवोत वा वाईट, हातीं पैसा असो वा नसो, प्रकृति धड राहो वा ढासळो, आयुष्य आहे तोंवर परस्परांस अंतर देणार नाहीं, असें तीं देवासमक्ष वचन देतात.

भावना कोणाच्या आज्ञेनें उत्पन्न होत नाहीं. मग प्रीतीचें वचन कसें देतां येईल, असें कोणी विचारील. उत्तर असें कीं, येथें प्रीति म्हणजे मनाची लहर नव्हे, तर दुसऱ्याचें हित साधण्याचा निश्चय होय. निश्चयाचें वचन देतां येतें व पाळतांहि येतें. तें दोघांचें असतें. म्हणून सोशीकपणाचा सारा भार एकट्या पत्नीवर टाकणें हा शपथभंगच होय.

आपल्या महाराष्ट्रांतील एका दांपत्याचें उदाहरण घेऊं. रेव्हरंड नारायण वामन टिळक व लक्ष्मीबाई यांचा विवाह हिंदु विधीनें झाला होता. १८९५ सालीं टिळकांनीं बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंवर जणूं आकाशच कोसळलें. कांहीं वर्षें त्यांची ताटातूट झाली. अशा प्रसंगीं ख्रिस्ती झालेल्यास न्यायालयामार्फत विवाहबंधन तोडून घेण्याची सोय १८६६ च्या कायद्यानें केलेली होती. टिळकांचा विवाह मात्र तुटला नाहीं. पुढें लक्ष्मीबाई आपला धर्म व सोवळेंओवळें न सोडतां पतीकडे परतल्या, आणि १९०० सालीं आपल्याच विचारानें त्यांनीं बाप्तिस्मा घेतला.

यापुढें संसार केवळ गोडीगुलाबीनें चालला असें समजूं नये. टिळक शीघ्रकोपी, तर लक्ष्मीबाई परखड. घरांतील खटके त्यांनीं ‘स्मृतिचित्रें’ या आत्मचरित्रांत हंसत हंसत सांगितले आहेत. १९१९ सालीं टिळक वारले. त्यांचें ‘ख्रिस्तायन’ हें काव्य अपुरें राहिलें होतें. लग्नानंतर लिहावयास शिकलेल्या लक्ष्मीबाईंनीं तें पुढें लिहून पुरें केलें. शपथ मरणापर्यंतचीच असते. प्रीति तिच्याहि पलीकडे गेली.

विद्यार्थीमित्रांनो, या शपथेचा अभ्यास लग्नाच्या दिवशीं सुरू होत नाहीं. दिलेला शब्द पाळणें, रागाच्या भरांत बोललों तर त्याच दिवशीं क्षमा मागणें, पडत्या काळांत मित्राची साथ न सोडणें, हे तिचे पहिले धडे होत. आणि पालकहो, हे धडे मुलें पुस्तकांत वाचण्याआधीं आपल्या घरीं पाहतात, हें आपण सर्वांनीं ध्यानांत ठेवूं या.