आपले संकेतस्थळ : लेखांक पाचवा — होस्टिंगची जागा आणि तिची कागदपत्रे

गेल्या आठवड्याच्या लेखांकात आपण डोमेनचे नाव कसे निवडावे याचा विचार केला. नाव ठरले, की लगोलग प्रश्न उभा राहतो तो असा, की त्या नावाने शोध घेणाऱ्यास जे दाखवायचे, ती पाने, ती छायाचित्रे, तो दरतक्ता, हे सारे प्रत्यक्षात ठेवायचे कोठे. संकेतस्थळ म्हणजे अखेरीस काही फायलींचा संग्रह असतो, आणि त्या फायली अहोरात्र चालू असलेल्या, आंतरजालाशी अखंड जोडलेल्या आणि कोणीही विचारणा करताच उत्तर देण्यास सिद्ध असलेल्या एखाद्या संगणकावर असाव्या लागतात. या संगणकास सर्व्हर म्हणतात, आणि त्यावरील जागा मोबदला घेऊन वापरावयास देण्याच्या व्यवसायास होस्टिंग. हा व्यवसाय करणाऱ्या कंपन्या आज असंख्य आहेत, त्यांच्या जाहिराती एकीहून एक आकर्षक आहेत, आणि त्यांतून विश्वासार्ह कोणती हे ओळखण्याचे साधन नवख्या माणसाच्या हाती जवळजवळ काहीच नसते.

उदाहरण आपल्याच भागातले घेऊ. मुंबई-अहमदाबाद महामार्गावर जेथून एक रस्ता पश्चिमेस डहाणूकडे आणि दुसरा पूर्वेस कासा-जव्हारकडे जातो, त्या चारोटी नाक्याच्या आसपासच्या पाड्यांवर वारली चित्रे काढणारी अनेक कुटुंबे आहेत. पद्मश्री जिव्या सोमा मशे यांनी गंजाडच्या कलंबीपाड्यावर बसून ही कला झोपडीच्या भिंतीवरून कागदावर आणि कागदावरून साऱ्या जगापुढे नेली, आणि २०१४ साली वारली चित्रकलेस भौगोलिक मानांकनही मिळाले. पण मानांकनाने नावाचे रक्षण होते, गिऱ्हाईक दारी येत नाही, आणि चित्राची खरी किंमत बहुधा मधल्या माणसाच्याच पदरी पडते. तेव्हा अशा एखाद्या कुटुंबाने स्वतःचे संकेतस्थळ काढून चित्रे परभारे विकावयाचे ठरविले, तर त्याने होस्टिंग कसे निवडावे, हा आजच्या लेखाचा विषय.

घरातल्याच संगणकावर संकेतस्थळ का ठेवू नये, असे कोणी विचारील. तांत्रिकदृष्ट्या ते अशक्य नाही. परंतु आपल्याकडे पावसाळ्यात वीज केव्हा जाईल आणि केव्हा येईल याचा भरवसा नसतो, घरगुती जोडणीचा आंतरजालावरील पत्ता वरचेवर बदलत असतो, आणि त्या जोडणीवरून माहिती बाहेर पाठविण्याचा वेग आत घेण्याच्या वेगाहून पुष्कळदा कमी असतो. म्हणून सर्व्हर डेटा सेंटरमध्ये ठेवतात, जेथे विजेच्या पर्यायी वाहिन्या, त्यांच्या पाठीशी बॅटऱ्या, बॅटऱ्यांच्या पाठीशी डिझेलवरील जनित्रे, यंत्रे थंड राखणारी व्यवस्था आणि एकाहून अधिक कंपन्यांच्या केबली अशी सिद्धता असते. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबई महानगराचा वीजपुरवठा एकाएकी खंडित होऊन लोकल गाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. अशा दिवशीही चालत राहणे एवढ्यासाठीच तर डेटा सेंटरचा हा सारा खर्च असतो.

आपल्या सुदैवाने देशातील अनेक मोठी डेटा सेंटरे मुंबई-नवी मुंबईच्या परिसरात, ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात आहेत, कारण परदेशांशी आपणांस जोडणाऱ्या समुद्राखालच्या केबली मुख्यत्वे मुंबईच्या आणि चेन्नईच्या किनाऱ्यावर येतात. सर्व्हर कोठे आहे याला महत्त्व आहे. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते अमेरिकेचा पूर्व किनारा हे अंतर सरळ मोजले तरी साडेबारा हजार किलोमीटरच्या घरात आहे, म्हणजे नुसत्या एका जाण्यायेण्याला सेकंदाचा आठवा हिस्सा लागणारच, आणि केबल सरळ रेषेत जात नसल्यामुळे प्रत्यक्षात त्याहून पुष्कळ अधिक. एक पान उघडावयास अशा अनेक खेपा होतात. शिवाय जानेवारी २००८ अखेर भूमध्य समुद्रातील केबली तुटल्या तेव्हा भारतातील आंतरजालाचा वेग अनेक दिवस मंदावला होता, हेही विसरू नये. ज्याचे गिऱ्हाईक मुंबई, पुणे, सुरत येथले आहे त्याने सर्व्हर मुंबईत आहे ना, हे कंपनीस विचारून घ्यावे. कंपनी परदेशी असली तरी हरकत नाही, कारण २०१६ पासून अ‍ॅमेझॉनसारख्या कंपन्यांचेही सर्व्हर मुंबईत आहेत.

तथापि सर्व्हर जवळ आला म्हणजे पान जलद उघडेलच असे नव्हे. आपल्या पूर्वेकडच्या डोंगराळ पाड्यांवर मोबाइलचे जाळे क्षीण असते, आणि मोबाइलवरून थेट उचललेले पाच मेगाबाइटचे छायाचित्र जसेच्या तसे पानावर चढविले, तर उत्तमातले उत्तम होस्टिंगही वाचकास पडद्यावर फिरत राहणाऱ्या वर्तुळापासून वाचवू शकत नाही. तेच छायाचित्र दोनशे किलोबाइटपर्यंत आणले तरी मोबाइलच्या पडद्यावर डोळ्यास फरक जाणवत नाही. महाग होस्टिंग घेण्याआधी हा बिनखर्चाचा उपाय करावा.

होस्टिंगच्या प्रकारांविषयी थोडक्यात सांगतो. एकाच सर्व्हरवर शेकडो संकेतस्थळे नांदतात ते शेअर्ड होस्टिंग. सर्व्हरचा ठराविक हिस्सा एकाच्याच नावे राखून ठेवतात ते व्हीपीएस. आणि वापरेल त्या मानाने आकार घेणारे ते क्लाउड. आपल्या चित्रकार कुटुंबास पहिला प्रकार पुरेसा आहे. ज्यास विक्री करावयाची नसून केवळ माहिती द्यावयाची आहे, त्याने साधी स्थिर पाने करून गिटहब किंवा क्लाउडफ्लेअर यांच्या विनामूल्य सेवेवर ठेवली तरी चालेल. मात्र विवळवेढ्याच्या महालक्ष्मीच्या यात्रेसारख्या प्रसंगाची माहिती देणारे संकेतस्थळ असेल, तर वर्षभर दहा-वीस वाचक आणि चैत्री पौर्णिमेपासून पंधरवडाभर हजारोंची रीघ असा विषम भार त्यावर पडतो. शेअर्ड होस्टिंगवर अशा वेळी कंपनी आपल्या वाट्याची मर्यादा संपली म्हणून पान थोपवून धरते, आणि नेमके ज्या दिवसांसाठी संकेतस्थळ काढले त्याच दिवशी ते बंद दिसते.

आता दराविषयी. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत छापलेला दर हा बहुधा पहिल्या मुदतीचा, तोही तीन-चार वर्षांचे पैसे एकदम भरल्यास लागू होणारा असतो. नूतनीकरणाचा दर त्याच्या दुपटी-तिपटीवर जाणे मुळीच दुर्मीळ नाही, आणि त्यावर जीएसटी वेगळा. म्हणून तुलना करावयाची ती नूतनीकरणाच्या दरांची, आणि पहिल्याने करार एका वर्षाचाच करावा. ‘अमर्याद जागा’ हे शब्द दिसले, की अटी-शर्तींचा मसुदा उघडून फायलींच्या संख्येची आणि प्रोसेसरच्या वापराची मर्यादा शोधावी. ती तेथे असते. सुरक्षित जोडणीचे एसएसएल प्रमाणपत्र ‘लेट्स एन्क्रिप्ट’ ही संस्था २०१५ पासून विनामूल्य देते, तेव्हा साध्या संकेतस्थळास त्यासाठी निराळे पैसे मागणाऱ्या कंपनीकडे न जाणे बरे.

सेवा अखंड राहण्याची हमी टक्क्यांत दिलेली असते, आणि ९९ काय व ९९.९ काय, वाचताना दोन्ही सारखेच वाटतात. हिशेब करून पाहिला तर ९९ टक्के म्हणजे वर्षातून साडेतीन दिवसांहून अधिक काळ बंद राहण्याची मुभा, आणि ९९.९ टक्के म्हणजे पावणेनऊ तासांची. हमी मोडल्यास मिळणारी भरपाई सहसा त्या महिन्याच्या भाड्याच्या काही अंशाएवढीच असते; त्या दिवशी न विकल्या गेलेल्या चित्रांची किंमत कोणी भरून देत नाही. अशा हमीवर मी फारसा भार ठेवीत नाही. ती आपत्ती टाळीत नाही, फक्त तिचे मोल आधी ठरवून ठेवते.

आपत्ती येते तेव्हा काय होते, याचे एक उदाहरण फ्रान्समधील आहे. १० मार्च २०२१ च्या उत्तररात्री स्ट्रासबुर्ग शहरातील ओव्हीएच क्लाउड या युरोपातील अग्रगण्य होस्टिंग कंपनीच्या आवारात आग लागून एक पाच मजली डेटा सेंटर संपूर्ण भस्मसात झाले आणि लक्षावधी संकेतस्थळे बंद पडली. कंपनी नामांकित होती, यंत्रे आधुनिक होती. काही ग्राहकांनी बॅकअपसाठी निराळे पैसेही भरले होते, परंतु त्यांच्या प्रती त्याच आवारात ठेवलेल्या असल्यामुळे मूळ आणि प्रत दोन्ही नष्ट झाली. यावरून घ्यावयाचा धडा स्पष्ट आहे: कंपनी बॅकअप ठेवते एवढे ऐकून संतुष्ट न होता, संपूर्ण संकेतस्थळाची एक प्रत दर महिन्यास, आणि विक्री होत असल्यास दर आठवड्यास, आपल्या स्वतःच्या संगणकावर किंवा हार्ड डिस्कवर उतरवून घ्यावी, आणि वर्षातून एकदा तरी ती प्रत दुसरीकडे चढवून संकेतस्थळ तिच्यातून खरोखर उभे राहते की नाही हे पाहावे, कारण न तपासलेली प्रत ऐन वेळी उघडली नाही तर तिचा उपयोग शून्य. ज्या कंपनीत अशी प्रत आपल्या हाताने उतरवून घेण्याची सोय नाही, तिचा दर कितीही कमी असो, ती सोडून द्यावी.

येथवर जे सांगितले त्याहून महत्त्वाची गोष्ट आता सांगावयाची आहे, आणि आपल्या तालुक्यांत ती विशेष कळकळीने सांगितली पाहिजे. संकेतस्थळ करून देणारा कोणी तरुण पालघर-बोईसरकडचा असतो, कामात हुशार असतो, हेतूही शुद्ध असतो. तो सोयीसाठी डोमेनही स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या मोबाइलवर नोंदवितो आणि होस्टिंगचे खातेही आपल्याच नावे उघडतो. दोन वर्षांनी तो नोकरीसाठी सुरतेस जातो, नंबर बदलतो, नूतनीकरणाची सूचना त्याच्या जुन्या ईमेलवर येऊन पडते, मुदत उलटते, आणि ज्या नावाने गिऱ्हाईक ओळखू लागले ते नाव हातचे जाते. डॉट कॉमसारख्या नावांस मुदत संपल्यावर काही दिवसांची सवलत आणि त्यानंतर तीस दिवसांचा विमोचनकाल असतो खरा, पण त्या काळात नाव सोडविण्याचा दंड भारी असतो, आणि सोडविण्याचा अधिकार ज्याच्या नावावर नोंद आहे त्यालाच असतो. डहाणू-तलासरीच्या वारल्यांच्या जमिनी सावकाराच्या दप्तरी कशा गेल्या, न वाचता उठविलेल्या अंगठ्याने पिढ्यान्‌पिढ्यांचा कब्जा कसा नाहीसा झाला, आणि १९४५ साली गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली झरीच्या परिषदेपासून या लोकांस केवढा लढा द्यावा लागला, हे ज्या प्रदेशास ठाऊक आहे, त्याने कसणारा एक आणि कागदावरचा मालक दुसरा ही स्थिती नव्या क्षेत्रात आपल्या हाताने निर्माण करू नये.

म्हणून डोमेनची नोंद मालकाच्या स्वतःच्या नावावर, त्याच्याच ईमेलवर आणि मोबाइलवर असावी. डॉट इन आणि डॉट भारत या नावांचा कारभार निक्सी ही भारतीय संस्था पाहते, आणि नोंदणी मात्र तिने मान्यता दिलेल्या नोंदणी कंपन्यांमार्फत होते. पासवर्ड घरातील दोन माणसांस ठाऊक असावा. करून देणाऱ्यास कामापुरता वेगळा प्रवेश द्यावा आणि काम संपताच तो काढून घ्यावा. माझे आणखी एक मत असे, की डोमेन एका कंपनीकडे आणि होस्टिंग दुसरीकडे ठेवावे. यात थोडी गैरसोय आहे, पण होस्टिंगवाल्याशी तंटा झाला तर नाव त्याच्या ताब्यात अडकून पडत नाही. विश्वासार्ह कंपनी ओळखण्याची माझी कसोटीही हीच आहे, की तिच्याकडून सारे सामान घेऊन निघून जाणे किती सुलभ आहे.

पैसे भरण्यापूर्वी कंपनीच्या साहाय्यकक्षास तीन खरे प्रश्न रविवारी रात्री विचारून पाहावेत: सर्व्हर कोणत्या शहरात आहे, बॅकअप कोणत्या शहरात आहे, आणि संपूर्ण प्रत मला कशी उतरवून घेता येईल. नेमके उत्तर येते की छापील आभार येतात, आणि किती वेळाने येतात, यावरून पुढे अडचणीच्या प्रसंगी काय वाट्याला येईल याचा पुष्कळसा अंदाज बांधता येतो.

ज्यांचे संकेतस्थळ आधीच एखाद्या वाईट ठिकाणी आहे त्यांनी घाबरण्याचे कारण नाही. आधी नव्या कंपनीकडे संपूर्ण प्रत चढवून ती नीट चालते का ते पाहावे. मग डोमेनच्या डीएनएस नोंदीतील, म्हणजे नाव कोणत्या सर्व्हरकडे न्यावे हे सांगणाऱ्या नोंदीतील, टीटीएल, म्हणजे ती नोंद इतरांनी किती वेळ साठवून ठेवावी तो अवधी, तीनशे सेकंदांवर आणून, जुना टीटीएल उलटून जाईल इतका, म्हणजे साधारणपणे एक दिवस, थांबावे. त्यानंतर नोंद नव्या सर्व्हरकडे वळवावी, आणि जुने खाते निदान आठवडाभर चालू ठेवावे, म्हणजे ज्यांच्याकडे जुना पत्ता अद्याप साठलेला आहे त्यांनाही पान दिसत राहील. ईमेल त्याच होस्टिंगवर असेल तर पत्रे आधी उतरवून घ्यावीत. डीएनएसच्या या नोंदी कोणत्या आणि त्या कशा वाचाव्यात, हे पुढील लेखांकात पाहू.