जुने चित्रपट कशासाठी पाहावेत?

जुन्या चित्रपटांची गोष्ट निघाली की लोक गाणी आठवतात. कथा कोणाची, हे क्वचितच विचारतात. सांगली जिल्ह्यातील समडोळीस १८८९ साली जन्मलेले नारायण हरी आपटे पुढे सातारा जिल्ह्यातील कोरेगावी स्थायिक झाले. त्यांच्या कथेवरून बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात १९२५ साली ‘सावकारी पाश’ हा मूकपट काढला. पौराणिक चमत्कारांचा तो काळ. अशा वेळी कर्जापायी जमीन गमावलेला शेतकरी शहरात जाऊन गिरणीत मजूर होतो, ही साधी हकीकत पडद्यावर आली. तो शेतकरी झाले होते व्ही. शांताराम.

त्याच शांतारामांनी आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून १९३७ साली प्रभातसाठी ‘कुंकू’ केला. फसवून म्हाताऱ्याशी लग्न लावलेली नीरा त्याला नवरा मानण्याचे साफ नाकारते. शांता आपटे यांची नीरा रडत बसत नाही, भांडते. म्हणून आम्हांस ती आजही जवळची वाटते.

आमच्या मते जमीन सुटून गिरणी कशी गाठावी लागते, हे ‘सावकारी पाश’ने दहा भाषणांहून अधिक समजावले असेल. पण त्या काळची नायट्रेटची फिल्म फार ज्वालाग्राही. २००३ साली पुण्यात लागलेल्या आगीत अशा कितीतरी प्रती जळाल्या. तेव्हा श्रोतेहो, जे उरले आहे ते गावोगावी दाखवले पाहिजे, आणि त्यावर वादही झाला पाहिजे. नुसते हळहळून काय होणार?