जाळं न लावणारे कोळी

पावसाळ्यातल्या रात्री शेताच्या बांधावर उभं राहून बॅटरी कपाळाशी धरा आणि गवतात उजेड टाका. हिरवट ठिणग्या दिसतील आणि त्यातली एखादी चालू लागेल. हे लांडगा कोळी. मांजरासारखाच उजेड परतवणारा थर त्यांच्या डोळ्यांत असतो. यांतले बहुतेक जाळं लावत नाहीत, धावून भक्ष्य पकडतात. मादी अंड्यांचा कोष पोटाच्या टोकाला चिकटवून हिंडते, पिल्लं निघाली की त्यांना पाठीवर घेते. भातखाचरात तुडतुड्यांचा फडशा पाडतात ते हेच. सरसकट फवारणी केली की हा राखणदार मरतो आणि तुडतुडे पुन्हा उसळतात.

दगड उचलल्यावर झरकन पळणारा करडा-काळा कोळी बहुधा नॅफोसिडी कुळातला. जगात त्याच्या दोन हजारांहून जास्त जाती आहेत. दिवसा तो दगडाखाली किंवा पालापाचोळ्यात रेशमी पिशवी करून झोपतो, रात्री शिकारीला निघतो.

माझा जीव मात्र अडकलाय घाटरस्त्याच्या कडेला, मातीच्या दरडीत राहणाऱ्या कोळ्यांत. तिथं बिळाच्या तोंडावर लहानसं गोल झाकण असतं. वरून माती आणि शेवाळ चिकटवलेलं, एका बाजूला रेशमाची बिजागरी. डोळ्यांसमोर असूनही दिसत नाही. जबड्यावरच्या काट्यांनी खणलेल्या बिळाला आतून रेशमाचं अस्तर. रात्री मादी झाकण किलकिलं करून बसते. किडा जवळून गेला की जमिनीची थरथर ओळखून झडप घालते, त्याला आत ओढते, झाकण बंद. यांतल्या एका जातीच्या शास्त्रीय नावात आपली मुंबईच आहे: इडिओप्स बॉम्बेएन्सिस.

नर वयात आला की बीळ सोडून मादीच्या शोधात निघतो. मादी सहसा जन्मभर तिथंच. पश्चिम ऑस्ट्रेलियात कोळ्यांच्या अभ्यासक बार्बरा यॉर्क मेन यांनी 1974 पासून नोंद ठेवलेली अशाच झाकणवाल्या कोळ्यांतली 16 क्रमांकाची मादी 43 वर्षं जगली. 2016 मध्ये तिचं बीळ रिकामं सापडलं, झाकणाला गांधीलमाशीनं पाडलेलं भोक होतं.

पिल्लंही आईपासून फार लांब जात नाहीत. त्यामुळे एकाच दरडीत अख्खी वसाहत असते. रस्ता रुंद करताना तिथं जेसीबी फिरला, की आया, लेकी सगळ्या एकदमच जातात.

ट्रेकला गेलात आणि असं झाकण दिसलं, तर काडीनं उचकटू नका. आणि दगड उलटलाच असेल, तर होता तसाच परत ठेवा.